विकलेल्या म्हशीचं दावं

या ग्रुपवर मी पाच-सहा वर्षं आहे आणि खरं सांगायचं तर इथं मी फक्त लोकांची टर उडवायला येत होतो. कुणी लिहिलं, घाटात पांढरी साडी दिसली, की खाली माझी कमेंट — ‘साडी सुती होती का सिल्क?’ जुन्या मेंबरना आठवत असेल. दोघा-तिघांनी मला ब्लॉक केलंय, बरोबरच केलंय. मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. ट्यूनिंग फोर्क वाजवायचा, नळीतलं पाणी वरखाली करायचं, आवाज कुठं घुमतो ते पोरांना दाखवायचं... त्यामुळं आवाज म्हणजे काय हे मला कुणी शिकवायचं काम नाही, अशी माझी मस्ती होती.

एप्रिलमधल्या एका शनिवार-रविवारी जे झालं ते तसंच्या तसं लिहितो. वरून फोडणी देत नाही. हसायचं असेल तर खुशाल हसा, आता माझी पाळी आहे.

आधी दादाबद्दल सांगायला पाहिजे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीचे. दादाचं लग्न झालं नाही, माझं झालं पण टिकलं नाही, आईवडील गेले — म्हणजे घरात आम्ही दोघंच, आणि मागच्या गोठ्यात सहा म्हशी. मी कॉलेजात कामाला म्हणून दादा मला ‘मास्तर’ म्हणायचा. मी मास्तर नाही, काचेच्या नळ्या धुणारा माणूस आहे, हे त्याला शंभरदा सांगितलं. तो ऐकतोय होय!

सहा म्हशींत त्याचा जीव एकीवर. लांब शिंगांची, दांडगी, दारातून आत आली की दार भरून जायचं. तिचं नाव त्यानं काय ठेवावं? चिमणी! आणि ही चिमणी दादाच्या गाडीमागं पळायची. बाहेरच्यांना हे खोटं वाटेल, पण कोल्हापूरकडच्या मंडळींना माहीत आहे — दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात. पुढं मालक गाडीवर, सायलेन्सरची पुंगळी काढलेली, आणि त्या आवाजामागं म्हैस. दहा गाड्या एकदम फटफटत असल्या तरी आपल्या मालकाची गाडी तिला बरोबर कळते. दादाची जुनी टू-स्ट्रोक गाडी होती. त्याची खूण ठरलेली. तीनदा अॅक्सिलरेटर पिळायचा... थांबायचा... मग एकदा, लांब. की चिमणी निघाली. पाडव्यालाच नव्हे, रोज सकाळ-संध्याकाळ तिला अशी फिरवून आणायचा, मगच धार काढायचा.

दोन वर्षांपूर्वी दादा गेला. सकाळी धार काढता काढता, गोठ्यातच. मी आत चहा ठेवत होतो. बादली पडल्याचा आवाज आला, मी म्हटलं सांडलं वाटतं दूध... बाहेर जायला मी चहा गाळून होईपर्यंत थांबलो. असो.

तो असताना एकदा मला म्हणाला होता, “मास्तर, मला कायबी झालं तर बाकीच्या विक, चिमणी तेवढी ठेव. ती दुसऱ्याच्या हाताला लागायची न्हाई.” मी “व्हय व्हय” म्हटलं होतं. आणि तो गेल्यावर महिन्याच्या आत मी सहाही विकल्या. चिमणीसकट. मला धार काढता येत नाही, नोकरी आहे, वगैरे वगैरे कारणं सगळ्यांना सांगितली. खरं कारण एकच. ती हंबरायची. दादाच्या फिरायच्या वेळेला, सकाळ-संध्याकाळ, दाराकडं तोंड करून. वैरणीला तोंड लावायची नाही. मला ते ऐकवेना.

एका हेड्याला, म्हणजे जनावरांच्या दलालाला बोलावलं आणि म्हटलं, ने. कुठं देणार, कुणाला देणार — विचारलं नाही. वैरण खात नाही, दूध देत नाही, असलं जनावर कुठं जातं हे मला कळत नव्हतं असं नाही. म्हणूनच विचारलं नाही. दोन वर्षं ते माझ्या छातीवर बसून होतं.

आणि त्यात मी आणखी एक गाढवपणा केला. गळ्यातल्या दाव्यासकट तिला दिली. आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. घेणारा आपलं दावं आणतो, आपलं आपण काढून घरात ठेवायचं. दाव्याबरोबर घरातली लक्ष्मी जाते म्हणतात. मला ठाऊक होतं, पण त्या वेळी ध्यानात आलं नाही. शेजारच्या काकूंनी रिकामी मेख बघितली आणि कपाळावर हात मारला. “दावंबी दिलंस? मग घरात ऱ्हायलं काय रं?” ते दावं दादानं स्वतः वळलेलं होतं. सुताचं, आणि मध्ये माझ्या लॅबच्या फाटक्या निळ्या कोटाची पट्टी वळलेली. मी काकूंना म्हटलं, अंधश्रद्धा आहे सगळी.

आता एप्रिल. आमच्या स्टाफनं कॅम्पिंग ठरवलं. पन्हाळ्याच्या पुढं डांबरी रस्ता संपतो, तिथून आत चार-पाच किलोमीटरवर सडा आहे. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. पावसाळ्यानंतर तिथं फुलं बघायला गर्दी असते. एप्रिलमध्ये मात्र निव्वळ वाळवंट. काळा-तांबडा दगड, जळालेलं गवत, सावलीला झुडूप नाही, आणि या सगळ्याच्या मधोमध एक तलाव. पाणी इतकं निळं की खरं वाटत नाही. त्याच्या काठाला तंबू. आम्ही सोळा जण जाणार होतो.

मी स्कूटरवरून पन्हाळ्याला पोचेपर्यंत स्टाफच्या ग्रुपवर गळती सुरू झाली. कुणाच्या सासूचं डोळ्याचं ऑपरेशन, कुणाचा पोरगा तापला, कुणी नुसता हात जोडलेला इमोजी. पन्हाळ्यात चहा पिता पिता शेवटच्यानंही कळवलं. म्हणजे मी एकटा. परत फिरायला पाहिजे होतं. पण घरी जाऊन तरी काय करणार होतो? शनिवारची संध्याकाळ त्या घरात काढणं मला फार जड जातं, म्हणून गेलो पुढं.

कॅम्प बघणारे गृहस्थ लष्करातून रिटायर झालेले सुभेदार. कंबरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिले.

“सोळा जण म्हनलेलं न्हवं?”

“मी एकटाच आलोय.”

“मग सोळा जणांचा रस्सा एकटं वरपनार व्हय पावणं?” आणि मग बहुतेक माझं तोंड बघून म्हणाले, “असू दे, असू दे. बसा. मीबी एकटाच हाय.”

चार तंबू ओळीनं उभे होते. त्यातला कुठलाही घ्या म्हणाले. मी पाण्याजवळचा घेतला. आत सहा गाद्या घातलेल्या होत्या, पाच गाद्या मी एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवल्या.

साडेसहाच्या सुमाराला मी काठावर खुर्ची टाकून बसलो होतो. सूर्य खाली आलेला, अजून चांगला उजेड. वारा पडलेला. समोरचा काठ फार तर तीनशे मीटर. ससा पळाला तरी दिसावा असं उघडं रान. आणि समोरून आवाज आला.

टू-स्ट्रोक गाडी. तीनदा पिळली... थांबली... मग एकदा, लांब.

माझ्या हातातला कप खाली पडला, तो मला नंतर दिसला. पहिला विचार आला — असेल कुणीतरी हौशी. उभा राहून बघितलं. समोर गाडी नाही. माणूस नाही. धूळ नाही. सड्यावरून गाडी गेली तर तांबडी धूळ उठतेच. आवाज मात्र काठाकाठानं डावीकडून उजवीकडं चाललेला, स्पष्ट. आणि पाण्यातून एक डोकं वर आलं. लांब शिंगं. म्हैस पाण्यातून बाहेर आली, अंग झटकलं आणि त्या आवाजामागं पळत सुटली. शेपूट वर करून, मान हलवत. तीन-चार मिनिटांत उंचवट्यापलीकडं गेली. आवाजही तिकडंच विरला.

सुभेदार मागं चूल पेटवत होते. मी विचारलं, “ती गाडी कुणाची?”

“कुटली गाडी?”

“आता वाजली ती! समोरच्या काठाला!”

“तिकडं गाडी कुटनं येणार? पलीकडं कडा हाय नुस्ता, वाट न्हाई. ती म्हस बगितलासा व्हय? शेवंताक्काची हाय. रोजच पळत्या, येडी हाय जरा.” आणि चुलीत फुंकर घालत बसले. चेष्टा करत होते असं वाटलं नाही. त्यांना ऐकूच आलेलं नव्हतं.

मला त्या रस्स्याची चव कळली नाही. आपण चिमणीच बघितली हे मनाला कळलं होतं, पण बुद्धी कबूल करेना. लांब शिंगांच्या म्हशी काय कमी आहेत? आवाज पाण्यावरून लांबचा येतो, कड्यावरून परावर्तन होतं, खालच्या रस्त्यावरची गाडी असेल... हे सगळं मी स्वतःला वर्गात सांगावं तसं सांगितलं. आणि उजाडायच्या आत उठून तलावाला वळसा घालून चालायला लागलो.

उंचवट्यापलीकडं एकच घर. कौलारू, पुढं पत्र्याचा गोठा. साठी उलटलेली एक बाई अंगण झाडत होती. मी कोण, कुठला, ते सांगितलं. कॅम्पवर उतरलोय, तुमची म्हैस बघायची आहे.

“बगा की. म्हस बगायला पैल्यांदाच कोन आलंय,” शेवंताक्का म्हणाल्या.

चिमणीच होती. अंग भरलेलं, कातडी तेल लावल्यासारखी. आणि गळ्यात तेच दावं. मधली निळी पट्टी विटलेली, पण माझ्याच कोटाची. मी तिच्या कपाळाला हात लावला आणि मला हुंदका आवरेना. जिवंत आहे! दोन वर्षं मी काय काय मनात आणलं होतं, आणि ही इथं रवंथ करत उभी! तिनं माझा हात हुंगला, आणि तोंड फिरवलं. माझी तेवढीच लायकी होती.

आक्कांनी झाडू ठेवला. “तुमचीच हाय व्हय ही?”

“माझ्या भावाची. तो वारला.”

त्यांनी बाहेर सड्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, “म्हंजे तुमचा भाव गाडी फिरवत होता.”

मी हे त्यांना सांगितलेलं नव्हतं.

“हेड्यानं आनून बांदली तवा आठ दिस हिनं पानी सोडून काय घेटलं न्हाई,” आक्का सांगत होत्या. “मला वाटलं मरत्या आता. नवव्या दिशी अशाच वक्ताला भायेर गाडी वाजली. ही उटली, मेख उपटून गेली की पळत! मी मागनं काटी घिऊन. बगतो तर गाडी न्हाई, मानूस न्हाई. घटकाभरानं आपली आपन आली आनि पान्हा सोडला. तवापास्नं रोज. सांजसकाळ. आता मी मेखंला बांदतच न्हाई.”

“भीती वाटत नाही तुम्हाला?”

“पैल्यांदा भ्यालो. आता न्हाई. माज्या घरात हाय कोन? सकाळी गाडीचा आवाज आला की वाटतंय, उटलं बाबा कोन तरी.”

त्यांचं वाक्य संपतंय तोवर आवाज आला. गोठ्याच्या मागं, फार तर वीस पावलांवर. तीनदा... थांबून एकदा. आणि ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा तो वास! दादाच्या सगळ्या कपड्यांना यायचा तो. चिमणी माझ्या अंगावरून गेल्यासारखी बाहेर पडली. मी मागं धावलो.

“दादा!”

आवाज एकदम खाली आला. गाडी न्यूट्रलला टाकून, कुणी काय म्हणतंय ते ऐकायला थांबावं तसा. दादा असाच थांबायचा, एक पाय जमिनीवर टेकून. मी मोकळ्या सड्यावर उभा, समोर काहीही नाही, आणि हवेत नुसती ती फट-फट-फट. किती वेळ? पाच सेकंद, दहा सेकंद... मला म्हणायचं होतं, चुकलो दादा, चहा गाळत बसलो, म्हैस विकली, चुकलो. पण माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? “मला सोडून हिच्यासाठी येतोस होय रे!”

गियर पडला. आवाज निघाला, मागं चिमणी. मी जमेल तेवढं पळालो. छपन्नाव्या वर्षी कितीसं पळणार? दगडावर बसलो आणि लहान पोरासारखा मोठ्यानं रडलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. मला भीती वाटत नव्हती, मला राग आला होता. रोज सकाळी मी एका कपाचा चहा करतो, मागच्या दाराशी उभा राहून पितो, गोठा रिकामा असतो. तिथं एकदा, फक्त एकदा यायला काय झालं होतं त्याला?

परत येताना तलावाच्या काठच्या चिखलात बघितलं. खुरांचे ठसे होते. चाकाचा एकही नाही.

आक्कांनी तोवर धार काढली होती. लोटीभर दूध पुढं केलं, फेसासकट. मी ते प्यालो. चव तीच. मग त्या आत गेल्या आणि खुंटीवरचं एक नवं कोरं दावं घेऊन आल्या. चिमणीच्या गळ्यातलं जुनं सोडलं आणि माझ्या हातात दिलं.

“घ्या. तुमचं हाय. हेड्याला मी तवाच म्हनलो, दावं कोन देत न्हाई, कुनाचं तरी चुकलंय म्हनून. तो कशाला ऐकतोय!”

मला कळायला क्षणभर लागला. दावं माझ्या घरातून गेलं, म्हणून दादा त्याच्यामागं इकडं आला. मेख रिकामी, तर येईल कशाला? आणि आता ते माझ्या हातात होतं. जड, ओलसर, म्हशीचा वास असलेलं. हे घरी नेऊन मेखेला बांधलं तर... फिजिक्स लॅबचा माणूस मी, आणि उभ्या उभ्या हा हिशेब करत होतो. हाताची मूठ इतकी घट्ट झाली की बोटं दुखायला लागली.

“आक्का, हे मी नेलं तर इथं काय होईल, कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय की.” त्यांनी पदरानं हात पुसले, कोरडे असलेले हात. “पर तुमचा भाव हाय.”

चिमणी त्या नव्या दाव्यात मान खाली घालून उभी होती. दारात एकच ताट पालथं घातलेलं, एकच तांब्या. माझ्या घरीही तसंच असतं. मला दादाचं वाक्य आठवलं, ती दुसऱ्याच्या हाताला लागायची न्हाई. एकदा मोडला होता त्याचा शब्द.

मी नवं दावं सोडलं आणि जुनं तिच्या गळ्यात बांधलं. मला जनावराची गाठ कधी जमली नव्हती, दादा हसायचा. त्या दिवशी पहिल्या झटक्यात बसली. आक्का “आवं, आवं...” म्हणाल्या आणि मग तोंड फिरवून चुलीकडं गेल्या. मीही मागं न बघता कॅम्पवर आलो, सुभेदारांचा निरोप घेतला आणि निघालो.

घरी आल्यावर पहिल्यांदा शेडमधली दादाची गाडी बघितली. दोन वर्षांपूर्वी मीच तिचा प्लग काढून ठेवला होता. प्लग डब्यात होता तसाच. ताडपत्रीवर बोटभर धूळ. टाकी कोरडी. म्हणजे ती गाडी कुठं गेलेली नाही. मग मी ऐकलं ते काय? आक्कांना ऐकू येतं, मला आलं, सुभेदारांना का येत नाही? मी खूप डोकं चालवलं. कड्यावरचं परावर्तन, वारा, मनाचे खेळ, सगळं मांडून बघितलं. वास कुठल्याच समीकरणात बसत नाही. ज्यांची मी टर उडवली त्यांची माफी मागतो.

येताना सुभेदारांकडून आक्कांचा नंबर घेतला होता. दर रविवारी सकाळी फोन करतो. “आलता काय?” एवढंच विचारतो. त्या म्हणतात, “आलता की!” कधी म्हणतात, आज जरा उशिरा आला. मागच्या रविवारी म्हणाल्या, “थांबा, आत्ता वाजालीया, ऐका ऐका,” आणि धावत जाऊन फोन गोठ्याबाहेर धरला.

मी कान लावून बसलो. वारा आला, चिमणीची खुरं दगडावर वाजली, मग काही नाही. दुसरा कान बोटानं बंद केला, तरी काही नाही.

“आलं का ऐकू?” आक्का धापा टाकत विचारत होत्या.

मी मागच्या दारात उभा होतो, हातात चहा, समोर रिकामी मेख.

“व्हय आक्का,” मी म्हटलं, “आलं की. अगदी जवळनं.”